बोटाचा पंचनामा

परभणी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांची नावं एका दमात म्हणून बघा. परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, पालम, पूर्णा. नवांपैकी चार नावांत ‘र’ आहे. एरवी हा हिशेब मी कशाला केला असता! पण मागच्या उन्हाळ्यात परभणीत ओळखीच्या एका माणसाच्या फॉर्म भरण्याच्या केंद्रात बसलो होतो आणि समोरच्या छापील कागदांवर नेमकी ही चारच नावं बिघडलेली दिसली. पररभणी. पाथररी. जिंतूरर. पूरर्णा. बाकीचे पाच तालुके शाबूत होते.

अशा केंद्रात एका जादा ‘र’ची किंमत मोठी असते. नाव आधार कार्डाशी जुळलं नाही की अर्ज परत येतो. पालमहून एसटीने आलेल्या माणसाचा पुन्हा एक दिवस जातो, एक मजुरी बुडते. त्यामुळे केंद्राचा मालक वैतागलेला होता आणि त्याने बोट दाखवलं ते टायपिंग करणाऱ्या मुलीकडे. ‘बटन दाबून धरते ही. हात जड आहे हिचा.’ ती मुलगी खाली मान घालून म्हणाली, ‘सर, मी एकदाच दाबायले. दोनदा उमटायलंय, त्याला मी काय करू?’

दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मालकाला कागद दिसत होता, तिला आपलं बोट ठाऊक होतं. बोट आणि कागद यांच्या मधे काय घडतं, ते मात्र दोघांनाही दिसत नव्हतं. मला दिसू शकत होतं, कारण माझ्या पिशवीतल्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, आणि लिनक्सवर अशा वेळी वापरायची काही छोटी, फुकट आणि विलक्षण सुंदर अवजारं आहेत. कीबोर्ड, माऊस, टचपॅड यांनी संगणकाला नेमकं काय सांगितलं, याची ती शब्दशः नोंद ठेवतात. पंचनामाच म्हणा ना. मी तो कीबोर्ड काढून माझ्या लॅपटॉपला लावला.

आधी एक गोष्ट सांगतो, जी कळली तेव्हा मी बराच वेळ नुसता कीबोर्डकडे बघत बसलो होतो. आपण ‘प’ची कळ दाबतो तेव्हा कीबोर्ड संगणकाला ‘प’ असं सांगतच नाही. त्याला ‘प’ माहीत नसतो, आणि त्याच कळेवर छापलेला इंग्रजी एचही माहीत नसतो. तो फक्त एक आकडा पाठवतो.

साध्या कीबोर्डच्या पोटात प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात. त्यांवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या असतात, एकावर आडव्या, एकावर उभ्या. वर रबराचे छोटे घुमट. कळ दाबली की घुमट दबतो, दोन पापुद्रे एका ठिकाणी टेकतात आणि एक आडवी रेघ एका उभ्या रेघेला भेटते. शंभराच्या वर कळांना त्यामुळे पंचवीस-तीस रेघा पुरतात. आतली चिप एकेक रेघ तपासत अखंड फिरत असते, रात्रीच्या गस्तीवाल्यासारखी. कुठे भेट झालेली दिसली की ती त्या जागेचा क्रमांक काढते. संगणक दर काही मिलिसेकंदांनी कीबोर्डला विचारतो, काही घडलं का? कीबोर्ड आठ बाइटांचं एक टपाल देतो. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल वगैरेंची हजेरी, दुसरा रिकामा आणि उरलेल्या सहांत त्या क्षणी दबलेल्या कळांचे क्रमांक. साधा यूएसबी कीबोर्ड एवढंच बोलतो.

हे यूएसबीचे क्रमांक इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लावलेले आहेत. ए म्हणजे ४, बी म्हणजे ५, असं करत करत जे म्हणजे १३. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हे टपाल उघडतो आणि त्याचं आपल्या क्रमांकांत भाषांतर करतो. ते क्रमांक वर्णमालेचे नाहीत, जागेचे आहेत. १९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला, त्याच्या कीबोर्डला ८३ कळा होत्या आणि त्यांचे क्रमांक डावीकडून उजवीकडे, ओळीने धावत होते. लिनक्सने तेच पुढे चालवले. म्हणून क्यूच्या जागेचा क्रमांक १६, एच ३५ आणि त्याच्या शेजारचा जे ३६. परभणीतलं बोट २०२० नंतरच्या दशकात एक कळ दाबतं आणि यंत्राच्या आत पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकी टेबलावरचा क्रमांक जागा होतो.

अक्षर येतं त्यानंतर, सगळ्यात शेवटी. ३५ म्हणजे एच की प, हे ठरवणारा एक तक्ता वेगळा असतो. तो बदलला की तेच बोट, तीच कळ, तोच आकडा आणि वेगळीच लिपी.

त्या केंद्रातला तक्ता इनस्क्रिप्टचा होता. त्याच्याबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत, कारण ती आपल्या मुलखातली बुद्धिमत्ता आहे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी ठरवली, आणि १९९१ साली ती भारतीय मानकात आली. त्या काळात आयआयटी कानपूरला प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या हातून जिस्ट नावाचं तंत्र घडलं होतं, ज्यामुळे इंग्रजी संगणकावर भारतीय लिप्या उमटू लागल्या. पुढे ते काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. शिवाय वर्गातली जोडी एकाच कळेवर असते: क आणि शिफ्टसह ख, ग आणि शिफ्टसह घ, ब आणि शिफ्टसह भ. प आणि ब या जवळच्या कळा, एक खाली, एक तिच्या वर. शाळेत घोकलेला कखगघङ कुणीतरी बोटांच्या टोकांवर नीट मांडून ठेवलाय. तीच मांडणी कन्नड, बंगाली, तेलुगूलाही चालते, कारण त्या सगळ्यांची वर्णमाला मुळात एकाच घरची.

आता ‘परभणी’ लिहू. प म्हणजे ३५. र म्हणजे ३६. भ उजव्या हाताच्या कळेवर आहे, म्हणून टायपिंगच्या नियमाने शिफ्ट डाव्या करंगळीने, ४२, आणि कळ २१. ण डाव्या हाताच्या कळेवर, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीने, ५४, आणि कळ ४६. शेवटची दीर्घ वेलांटी १९. सात कळा. प्रत्येक कळ एकदा दाबली जाते, एकदा सुटते, म्हणजे चौदा हालचाली. साधारणपणे प्रत्येक हालचालीमागे लिनक्स तीन नोंदी करतो: कीबोर्डने दिलेला मूळ क्रमांक, कळेचा जागेचा क्रमांक, आणि ‘हा प्रसंग इथे संपला’ अशी खूण. बेचाळीस नोंदी. आजच्या ६४ बिटी यंत्रावर एका नोंदीला २४ बाइट लागतात, त्यातले १६ नुसत्या वेळेसाठी. हिशेब केला तर १,००८ बाइट होतात. आणि कागदावर उमटलेला ‘परभणी’ हा शब्द युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत १५ बाइटांचा! शब्द लिहिण्याची कथा शब्दापेक्षा सदुसष्ट पट मोठी आहे. एरवी ही कथा क्षणात पुसली जाते, कारण अक्षर उमटलं की तिचं काम संपतं. नोंदणीची अवजारं तिला पुसू देत नाहीत.

ही अवजारं एका दिवसात घडलेली नाहीत. सुरुवातीला ‘इव्हटेस्ट’ नावाचा छोटा प्रोग्राम होता, अजूनही आहे. कळ दाबा, पडद्यावर ओळ येते: अमुक वेळ, अमुक कळ, किंमत १. सोडली की किंमत ०. दाबून धरली तर काही वेळाने २, २, २. खिडकीतून रस्ता बघावा तसं हे. बघून होतं, पण दुसऱ्याला दाखवता येत नाही. मग २०१० च्या सुमारास ‘इव्हेम्यू’ आलं. ते नोंद फाइलमध्ये उतरवायचं आणि, इथेच खरी जादू आहे, ती फाइल दुसऱ्या संगणकावर परत चालवायचं. त्या संगणकाला वाटायचं, मला खरोखरचं एक उपकरण जोडलंय आणि त्यावर कुणाची तरी बोटं चालली आहेत.

त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे लिबइनपुट. आजच्या लिनक्सच्या पडद्यावर बोटाचा आणि बाणाचा जो काही संबंध आहे, तो बहुतेक या लिबइनपुटमधून जातो. त्याची देखभाल ऑस्ट्रेलियात राहणारे पीटर हटरर वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्यांची अडचण समजून घेतली की अवजारं अशी का घडली ते कळतं. जगात हजारो प्रकारचे टचपॅड आणि कीबोर्ड आहेत. कुणीतरी लिहून कळवतं, ‘माझा टचपॅड विचित्र वागतो.’ विचित्र म्हणजे कसा? यंत्र त्या माणसापाशी, दुरुस्ती करणारा समुद्रापलीकडे. वैद्याने नाडी न बघता औषध द्यावं असा हा प्रकार. म्हणून २०१८ साली लिबइनपुटच्या १.११ या आवृत्तीत दोन अवजारं आली: ‘लिबइनपुट रेकॉर्ड’ आणि ‘लिबइनपुट रिप्ले’. पहिलं नाडी लिहून घेतं, दुसरं ती हजारो मैलांवर तशीच उडवून दाखवतं.

रेकॉर्डची फाइल उघडली की मला खरोखर पंचनाम्याची आठवण होते. आधी स्थळ: संगणक कोणता, गाभ्याची आवृत्ती कोणती. मग मुद्देमाल: उपकरणाचं नाव, ते बनवणाऱ्याचा क्रमांक, त्याला काय काय करता येतं याची यादी, आणि त्याने स्वतःची करून दिलेली मूळ ओळख. आणि मग घटनाक्रम, पहिल्या घटनेपासून शून्य धरून, सेकंद आणि सेकंदाचा दहा लाखावा भाग. माणसाला वाचता यावं म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी कळेचं नावही लिहिलेलं असतं, आणि प्रसंग संपल्याच्या खुणेशेजारी मागच्या प्रसंगापासून किती मिलिसेकंद गेले ते अंतर. हे अंतर पूर्वी आपल्याला वजाबाकी करून काढावं लागायचं. वाचायला ही फार छोटी सुधारणा वाटेल. पण परभणीत त्या दुपारी माझं सगळं काम त्या एका आकड्याने केलं.

मी मुलीला म्हटलं, ‘ताई, कोऱ्या पानावर फक्त तालुक्यांची नावं लिहीत राहा. घाई करू नका, नेहमीसारखं लिहा.’ तिने लिहिलं. तीन-चार फेऱ्यांत एक ‘पाथररी’ सापडलाच. फाइल उघडून आम्ही तिघं त्या ओळींवर वाकलो.

कळ ३६, किंमत १, म्हणजे दाबली. ७२ मिलिसेकंदांनी किंमत ०, म्हणजे सुटली. आणि मग, फक्त १६ मिलिसेकंदांनी, परत १. पुन्हा १६ मिलिसेकंदांनी ०. त्यानंतर तिचं बोट निवांत वेलांटीकडे गेलेलं होतं.

मालकाचा आरोप आठवा: बटन दाबून धरते. तसं असतं तर १ नंतर २, २, २ अशी ओळ दिसली असती, कारण दाबून धरलेली कळ परत परत बोलते आणि तेव्हा तिची किंमत २ असते. या नोंदीत एकही २ नव्हता. आरोपाचा पहिला भाग तिथेच गळून पडला.

उरली दुसरी शंका, की तिने खरंच दोनदा दाबलं असेल. इथे मराठीने मला एक शब्द दिला. मी तिला म्हटलं, ‘आता दररोज लिहा. जमेल तितक्या भरभर.’ दररोजमध्ये दोन र लागून येतात, खरे, बोटाने मुद्दाम दाबलेले. त्या दोन र-मधलं अंतर, एकदा सोडल्यापासून परत दाबेपर्यंत, १२० मिलिसेकंद भरलं. माणसाचं एक बोट एकाच जागी जीव तोडून आपटलं तरी सेकंदाला सहा-सात वेळाच्या आसपास आपटतं. १६ मिलिसेकंदांत बोट वर जाऊन परत खाली येणं कुणालाच शक्य नाही. तबलजींनाही एका बोटाने ते जमायचं नाही.

आणखी एक पुरावा त्या आकड्यांतच दडलेला होता. ७२, १६, १६, १२०. सगळे आठाच्या पटीतले. माझा लॅपटॉप त्या कीबोर्डला दर ८ मिलिसेकंदांनी विचारत होता, म्हणून उत्तरंही आठाच्या पावलांनी येत होती. म्हणजे ही नोंद कुणी मागाहून गोलाई करून लिहिलेली नव्हती, ती यंत्राच्या चालीने चाललेली होती. असं काही दिसलं की मला त्या नोंदीविषयी जास्तच विश्वास वाटतो.

मग खरं काय घडत होतं? धातू असो की कार्बनची शाई, दोन पृष्ठभाग टेकतात तेव्हा ते एकदम स्थिर टेकत नाहीत, क्षणभर थरथरतात. वीज जोडली जाते, तुटते, जोडली जाते. अशा प्रत्येक कीबोर्डात हे दर दाबाला आणि दर सोडण्याला होतं. म्हणून आतली चिप काही मिलिसेकंद धीर धरते आणि थरथर निवल्यावरच निकाल देते. कीबोर्ड नवा असतो तोवर एवढा धीर पुरतो. मग घुमट सैल होतो, शाई झिजते, फटीतून मातीची बारीक धूळ आत जाते, आणि थरथर चिपच्या धीरापेक्षा लांबते. चिपला ती दुसरी कळ वाटते. आणि जेच्या कळेचं म्हणाल तर तिच्यावर उजव्या हाताची तर्जनी सतत टेकलेली असते, तिथे बोटाला जागा कळावी म्हणून छोटा उंचवटाही असतो. वर इनस्क्रिप्टने तिथे र बसवलाय, जो मराठीत क्षणाक्षणाला लागतो. सगळ्यात आधी झिजायची ती कळ कोणती, हे सांगायला ज्योतिषी नको.

माऊसच्या बटणाची अशी थरथर लिबइनपुट स्वतःच गाळतं. सुटणं आणि परत दबणं यांत २५ मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर ती एकच दाब धरायची, असा साधारण नियम तिथे आहे. आणि असे आकडे ठरवायला शेवटी उपयोगी पडतात त्या बिघडलेल्या यंत्रांच्या नोंदीच. कीबोर्डला मात्र ही गाळणी नाही, कारण ते काम कीबोर्डच्या चिपने करायचं असतं.

मालकाने तेवढ्यात एक चांगला प्रश्न विचारला. असलं काहीतरी कीबोर्डच्याच नोंदीत दिसणार, पण लॅपटॉपवर लिहिताना बाण मधेच भलतीकडे उडी मारतो त्याचं काय? ते तर बऱ्याच जणांना होतं. त्याचंही उत्तर नोंदीतच मिळतं, फक्त तिथे दोन साक्षीदार एकदम उभे करावे लागतात. लिहिताना तळहाताची कड टचपॅडला लागते. लिबइनपुट टायपिंग चालू असताना टचपॅडकडे दुर्लक्ष करतं, पण कधी कधी हे गणित चुकतं. नुसती टचपॅडची नोंद घेतली तर एक स्पर्श दिसतो, त्यात काहीच वावगं नसतं. नुसती कीबोर्डची घेतली तर कळा दिसतात. दोन्ही एकाच घड्याळावर एकत्र नोंदल्या तरच दिसतं की कळ दबली आणि अमुक मिलिसेकंदांनी कोपऱ्यात स्पर्श झाला. लिबइनपुट रेकॉर्डला एकाच वेळी अनेक उपकरणं सांगता येतात, आणि त्या नोंदीवर लिबइनपुटने काय निर्णय घेतला तेही शेजारी लिहून घेता येतं. म्हणजे साक्षही आहे आणि निकालपत्रही.

टचपॅडची नोंद तर वाचायलाच सुंदर असते. प्रत्येक बोट टेकलं की त्याला एक क्रमांक मिळतो. मग त्याची आडवी जागा, उभी जागा, कधी दाब, असे आकडे ओघळत राहतात. बोट उचललं की त्या क्रमांकाच्या जागी उणे एक. टचपॅडच्या लेखी बोटाचं जाणं म्हणजे उणे एक. दोन बोटांनी पान सरकवताना दोन क्रमांक शेजारी शेजारी चालतात, वारीत दोघं जण बोलत चालावेत तसे. परभणीच्या मे महिन्यात घामेजल्या बोटांनी टचपॅड वापरलात तर हीच ओळ थबकताना, तुटताना, एका बोटाची दोन होताना दिसेल, कारण टचपॅड बोटाला ओळखतो तो त्याच्या विजेवरच्या परिणामावरून, आणि ओलावाही तोच परिणाम करतो.

याच्याही खालच्या थरात उतरता येतं. कीबोर्डने पाठवलेलं ते आठ बाइटांचं टपाल जसंच्या तसं पकडणारं ‘हिड-रेकॉर्डर’ नावाचं अवजार आहे. आणि २०२३ पासून, गाभ्याच्या ६.३ या आवृत्तीपासून, बिघडलेल्या उपकरणाचं टपाल वाटेतच दुरुस्त करणारा छोटासा प्रोग्राम चालत्या यंत्रात घालता येऊ लागलाय. पूर्वी त्यासाठी सहसा गाभ्यातच बदल करावा लागे.

पण इतकं सगळं ऐकल्यावर मनात एक भीती उभी राहायला हवी, आणि ती योग्यच आहे. दबलेली प्रत्येक कळ लिहून घेणारं अवजार म्हणजे पासवर्ड चोरणारं अवजारच की! ही जाण ते घडवणाऱ्यांना होती. म्हणून लिबइनपुटची अवजारं मुळात कळांची नावं लपवतात. साधी अक्षरं असतील तर नोंदीत सगळीकडे एकच कळ लिहिली जाते, एची. वेळ खरी, दाबणं-सोडणं खरं, अक्षर झाकलेलं. रुग्णाचं दुखणं कळावं पण गुपित कळू नये, अशी ही सोय. अक्षरं हवीच असतील तर तसं मुद्दाम सांगावं लागतं, आणि नोंद घेण्यासाठी मुळात संगणकाच्या प्रशासकाचे अधिकार लागतात. मी अक्षरं दाखवायला सांगितलं होतं, म्हणूनच मुलीला कोऱ्या पानावर तालुक्यांची नावं लिहायला लावली. कुणाचा अर्ज नको, कुणाचा आधार क्रमांक नको. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी अशी आब राखलेली पाहिली की मला त्यांच्याविषयी आदर वाटतो, आणि आपल्याकडच्या प्रत्येक केंद्रात, प्रत्येक टायपिंग क्लासात हे दाखवावंसं वाटतं.

कारण आपल्याकडे या यंत्रांच्या दोषाचं खापर फार सहज माणसावर फुटतं, आणि बहुतेक वेळा सगळ्यात धाकट्या माणसावर. सरकारी लिपिकाच्या नोकरीला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात. परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या क्लासांतून मुलं-मुली तासन्‌तास त्यासाठी बसतात. त्यांच्यातल्या एखाद्याचा र दोनदा उमटत असेल तर तो महिनोन्‌महिने आपल्याच बोटाला शिव्या देत बसेल. मराठीत कळ म्हणजे बटण, कळ म्हणजे वेदना, आणि समजणं म्हणजेही कळणं. त्या मुलीच्या बाबतीत या तिन्ही कळा एका जागी होत्या, आणि तिसरीला यायला एवढा उशीर का व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

मालकाने शेजारच्या टेबलावरचा दुसरा कीबोर्ड आणून दिला. त्याच मुलीने, त्याच बोटाने, तेच नऊ तालुके लिहिले. ३६ नंतर कुठेही जादा ३६ आला नाही. जुना कीबोर्ड मी माझ्या बोटाने चालवला, तर माझाही र दोनदा उमटला. मालकाने तो उलटा करून टेबलावर आपटला, चिमूटभर माती पडली. तो तिला काही बोलला नाही, पण नवा कीबोर्ड आणायला स्वतः उठून गेला.

तो गेल्यावर ती मुलगी स्वतःच्या नोंदी वाचत बसली. तिला त्यात स्वतःचा हात दिसायला लागला होता. प वरून र वर ती झटकन जात होती, भ पाशी थोडी थांबत होती, आणि ण पाशी बरीच. ‘उजव्या करंगळीनं शिफ्ट दाबायला मला वेळ लागतो’, ती म्हणाली. हे तिला कुठल्या सरांनी सांगितलं नव्हतं.

मग तिने विचारलं, ‘ही फाइल दुसरीकडं पाठवली तर तिकडं परभणी उमटंल का?’

मी म्हटलं, बघू या. परभणीच्या माणसाला जर्मनी आठवल्याशिवाय राहत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इथे लहानपणापासून कानावर असते. मी तिची ‘परभणी’ची नोंद घेतली आणि माझ्या लॅपटॉपचा तक्ता बदलून जर्मन केला. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात, टीच्या शेजारी तिथे झेड येतो. ती जागा म्हणजे २१ क्रमांकाची कळ. इनस्क्रिप्टमध्ये तिथेच ब आणि शिफ्टसह भ. परभणीतला भ आणि जर्मनीतला झेड एकाच कळेत राहतात.

कर्सर कोऱ्या पानावर ठेवला आणि रिप्लेला नोंद चालवायला सांगितली. आम्ही दोघांनी हात मांडीवर ठेवले होते. पडद्यावर एच उमटला, जे उमटला, थोडं थांबून मोठा झेड, बराच वेळ थांबून मोठा सी, आणि आर. कळसूत्री बाहुली नाचावी तशी अक्षरं उमटली, आणि थांबणं नेमकं तिचंच होतं, सी च्या आधीचं करंगळीचं थांबणंसुद्धा.

‘आता आपला तक्ता लावा’, ती म्हणाली. मी इनस्क्रिप्ट लावला आणि तीच फाइल परत चालवली. प, र, भ, जरा उशिराने ण, आणि वेलांटी.